घराजवळ गॅसची वेल आहे? मग ही कामं ह्याच क्रमाने करा

पादरा, करजण, जंबुसर ह्या बाजूला बडोद्याच्या आपल्या बऱ्याच मराठी कुटुंबांनी प्लॉट घेतलेत, कोणी वाडी केलीय, कोणी रिटायर झाल्यावर टेनामेंट बांधून कायमचंच राहायला गेलंय. आणि मग कळतं की शेताच्या बांधापलीकडे तारेच्या कुंपणात लाल-पिवळे व्हॉल्व्ह असलेला एक खांब उभा आहे. तीच वेल, म्हणजे गॅस काढायला जमिनीत खोल पाडलेलं बोअर. तिथपासून मला फोन यायला लागतात आणि प्रश्न दोनच असतात. वेल किती फुटांवर असली म्हणजे चालते? आणि लीक झालं तर वास येईलच ना?

दोन्ही प्रश्नांनी माणूस चुकीच्या दिशेला जातो. वासावर भरवसा ठेवता येत नाही, आणि फुटांचा आकडा वाऱ्यापुढे फार काही सांगत नाही. लोकांचं खरं चुकतं ते क्रमात. आधी करायची कामं लीक झाल्यावर सुरू करतात, आणि लीकच्या वेळी पहिल्या दोन मिनिटांत नेमकं जे करू नये तेच हाताने घडतं. आमच्याच घरात हे घडलंय, ते पुढे सांगते.

## १. समोर नेमकं काय उभं आहे ते आधी ओळखा

आपण सगळ्यालाच वेल म्हणतो पण तिथे पाच वेगवेगळ्या गोष्टी असू शकतात आणि प्रत्येकीचा धोका वेगळा.

चालू गॅसवेल असेल तर माणसापेक्षा उंच व्हॉल्व्हचं झाड दिसतं, त्याला ख्रिसमस ट्री म्हणतात, आणि खाली सिमेंटचा चौकोनी खड्डा असतो, तो सेलर. तेलाची वेल असेल तर बहुतेक वेळा वरखाली डोलणारा पंप असतो, पण तेलाबरोबर गॅसही येतोच म्हणून तिला निर्धास्त समजू नका. तिसरी गोष्ट म्हणजे रिग, म्हणजे उंच मनोरा आणि ट्रक, आणि तिथे विचारायचं की नवीन ड्रिलिंग चाललंय की जुन्या वेलची दुरुस्ती, जिला वर्कओव्हर म्हणतात. चौथी जीजीएस म्हणजे ग्रुप गॅदरिंग स्टेशन, जिथे आसपासच्या वेलींचा माल गोळा होतो, टाक्या असतात आणि लांबवर फ्लेअरची, म्हणजे नको असलेला गॅस जाळण्याची, ज्योत असते. पाचवी सगळ्यात फसवी, ती म्हणजे बंद केलेली जुनी वेल. तिथे दिसायला काहीच नसतं, आत सिमेंटचे प्लग टाकून वरचा पाइप जमिनीखाली कापलेला असतो, फार तर नंबर लिहिलेली एखादी पट्टी किंवा खांब उरतो.

गेटवरच्या बोर्डाचा फोटो काढा, बाहेरूनच. त्यावर वेलचा नंबर, कंपनीचं नाव आणि इमर्जन्सीचा फोन असतो. हा नंबर पुढच्या प्रत्येक कागदावर लागणार आहे.

सावधान: कुंपणाच्या आत जाऊन फोटो काढायचा नाही. सेलरमध्ये तर वाकूनसुद्धा बघायचं नाही, खड्ड्यात जड गॅस साठून राहतो.

वर्कओव्हरबद्दल थोडं जास्त सांगते कारण लोक उलटं समजतात. "आता दुरुस्तीच चाललीय, म्हणजे गॅस बंद असणार." तसं नसतं. दुरुस्तीसाठी ख्रिसमस ट्री काढून त्या जागी बीओपी नावाचा मोठा बंद करणारा संच बसवावा लागतो, आणि त्या अदलाबदलीत वेलचा दाब आतल्या जड मडच्या (चिखलासारख्या द्रवाच्या) किंवा खारट पाण्याच्या वजनानेच धरून ठेवलेला असतो. ते वजन कमी पडलं तर गॅस वर येतो. आसाममधल्या बाघजानची ५ नंबरची वेल २७ मे २०२० ला फुटली ती वर्कओव्हर चालू असतानाच. पुढे ९ जूनला तिने पेट घेतला, कंपनीचे दोन अग्निशमन जवान गेले, आजूबाजूच्या हजारो लोकांना घरं सोडावी लागली, आणि वेल पूर्ण ताब्यात यायला नोव्हेंबर उजाडला. म्हणजे पहिला गॅस बाहेर आला आणि आग लागली ह्यात जवळपास दोन आठवडे गेले. म्हणून रिग उभी राहिली की आपलं लक्ष वाढवायचं, कमी करायचं नाही.

## २. कागद, आणि तेही बानाखत (विक्रीचा करार) करण्याआधी

जागा अजून घेतली नसेल तर हा टप्पा सोडूच नका. घेतली असेल तरी करा, कारण तक्रारीच्या वेळी हेच कागद लागतात.

पहिलं, गाम नमुना ७/१२ काढा आणि त्यातला 'बीजा हक्क'चा (इतर हक्कांचा) रकाना वाचा. पाइपलाइनचा वापर-हक्क घेतला असेल तर त्याची नोंद तिथे सापडू शकते. ६ नंबरच्या (फेरफाराच्या) जुन्या नोंदीही बघा. पाइपलाइनसाठी १९६२ चा वेगळा कायदा आहे आणि त्याच्या पट्ट्यात आलेल्या जमिनीवर घर, टाकी, विहीर बांधता येत नाही, झाडही लावता येत नाही. दलाल म्हणतो "एटलं तो चाले", पण उद्या ती भिंत पाडायची वेळ आली तर दलाल सापडत नाही.

दुसरं, बिनखेतीचा (एनए, म्हणजे बिनशेतीचा) हुकूम पूर्ण वाचा, फक्त पहिलं पान नाही. अटी मागच्या पानांवर असतात.

तिसरं, वेलच्या कंपनीला लेखी विचारा. तोंडी उत्तर कितीही चांगलं मिळालं तरी ते उत्तर नव्हे. पत्रात सर्व्हे नंबर टाका आणि एवढंच विचारा: ह्या सर्व्हे नंबरच्या आसपास चालू, बंद किंवा कायमच्या सोडून दिलेल्या किती वेली आहेत, त्यांचे नंबर काय, जमिनीखालच्या फ्लो-लाइन (वेलचा माल नेणारे पाइप) कुठून जातात, गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू आहे का आणि असेल तर किती, आणि घर बांधायला किती अंतर सोडावं लागेल. कंपनी सरकारी असेल तर माहिती अधिकारात ठरलेली फी भरून हेच विचारता येतं, उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं, आणि जिवाचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. कंपनी खाजगी असेल तर तोच अर्ज कलेक्टर ऑफिस, गुजरात प्रदूषण नियंत्रण बोर्ड म्हणजे जीपीसीबी, किंवा डीजीएमएसला करा.

डीजीएमएस म्हणजे खाणसुरक्षा महासंचालनालय. लोक चकित होतात की गॅसवेलचा खाणीशी काय संबंध, पण आपल्याकडे जमिनीवरची तेल-गॅसची वेल कायद्याने खाणीतच मोडते आणि २०१७ चे ऑइल माइन्स रेग्युलेशन तिला लागू केले गेले. हे माहीत नसल्यामुळे लोक पोलीस चौकी, नगरपालिका, शहराची गॅस कंपनी असे हेलपाटे घालतात.

चौथं, पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर त्या प्रोजेक्टची पर्यावरण मंजुरी शोधा. मंजुरीच्या पत्रात अटींची लांबलचक यादी असते आणि त्या पाळल्या की नाही ह्याचा रिपोर्ट कंपनीला दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो. कंटाळवाणं वाचन आहे, मान्य, पण तुमच्या तक्रारीला "अट क्रमांक अमुक पाळलेली नाही" एवढं एक वाक्य जोडता आलं की तिचं वजनच बदलतं.

तपासा: पुढे जाण्याआधी हातात तीन गोष्टी हव्यात. वेलचा नंबर, ७/१२, आणि कंपनीला दिलेल्या पत्राची शिक्का मारलेली पोच.

## ३. पाण्याची पहिली तपासणी, रिग येण्याच्या आधी

सगळ्यात जास्त लोक इथे चुकतात आणि ही चूक नंतर दुरुस्त करता येत नाही. ड्रिलिंग झाल्यावर बोअरचं पाणी बिघडलं, लोक लॅबकडे धावतात, रिपोर्ट खराब येतो, आणि कंपनी म्हणते तुमचं पाणी आधीपासूनच असं होतं. तुमच्याकडे आधीचा कागद नसतो. विषय तिथेच संपतो.

वेलच्या पाइपाभोवती, म्हणजे केसिंगच्या बाहेर, सिमेंट भरलेलं असतं जेणेकरून खालचा गॅस आणि खारं पाणी वरच्या गोड्या पाण्यात येऊ नये. हे सिमेंट नीट बसलं नाही किंवा वर्षांनी तडकलं तर गॅसला वर यायला वाट मिळते. म्हणून आपल्याला दोन प्रकारची तपासणी हवी, एक नेहमीची आणि एक गॅसची.

नेहमीच्या तपासणीत पीएच, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार), क्लोराइड, बेरियम आणि तेलाचे अंश मागा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चांगला आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात, क्लोराइडचे तसेच २५० आणि १००० आहेत. आपल्याकडे बऱ्याच गावांत पाणी मुळातच खारट असतं, म्हणूनच तर आधीचा आकडा लागतो. क्लोराइड ३०० चं एकदम ९०० झालं ह्याला अर्थ आहे, नुसत्या ९०० ला नाही.

गॅसच्या तपासणीत पाण्यात विरघळलेला मिथेन मागा. सगळ्या लॅब हे करत नाहीत, आधी फोन करून विचारा आणि त्यांचीच बाटली आणा. १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली असेल तर साधारण चिंता नसते, १० ते २८ मध्ये लक्ष ठेवायचं आणि बोअरच्या तोंडाला हवा जायला पाइप काढायचा, २८ च्या वर गेलं तर पाण्यात मावेनासा होऊन गॅस बाहेर सुटतो, म्हणजे बंद पंपघरात तो जमू शकतो.

सॅम्पल घेताना हा क्रम ठेवा:

१. टाकीतून नाही, थेट बोअरच्या तोंडाजवळच्या नळातून घ्या. गच्चीवरच्या टाकीत गॅस कधीच उडून गेलेला असतो.
२. पंप किमान दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा, पाइपातलं शिळं पाणी जाऊ द्या.
३. नळाची जाळी काढा, धार बारीक करा, बाटली तिरकी धरून फेस न होता काठोकाठ भरा.
४. झाकण लावून बाटली उलटी करा. बुडबुडा दिसला तर ओता आणि पुन्हा भरा.
५. बर्फात ठेवून त्याच दिवशी लॅबला द्या.

पाण्याच्या विकतच्या रिकाम्या बाटलीत भरून दोन दिवसांनी नेलेलं सॅम्पल म्हणजे पैसे वाया. शक्य असेल तर लॅबच्याच माणसाला घरी बोलवा आणि त्याचा भरतानाचा फोटो काढा, म्हणजे उद्या कोणी सॅम्पलवरच शंका घ्यायला नको. एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर असं दोनदा करा.

सावधान: नळाच्या धारेजवळ काडी पेटवून "गॅस आहे का" बघण्याचे व्हिडिओ फिरतात. हे करू नका. आणि पाणी फसफसत असेल, दुधाळ दिसत असेल तर पंपघराचं दार उघडून बाहेर उभं राहा, आतला दिवा लावू नका.

## ४. घराची तयारी

आता वासाचं. नैसर्गिक वायू म्हणजे मुख्यतः मिथेन आणि मिथेनला वास नसतो. बडोद्यात आपल्या स्वयंपाकघरातल्या पाइपच्या गॅसला जो वास येतो तो मर्कॅप्टन नावाचं रसायन मुद्दाम मिसळल्यामुळे. वेलमधून आलेल्या कच्च्या गॅसमध्ये ते नसतं. त्यात कंडेन्सेट (गॅसबरोबर येणारं पातळ तेल) असेल तर पेट्रोलसारखा वास येतो, हायड्रोजन सल्फाइड असेल तर सडक्या अंड्यासारखा. आणि हा दुसरा वास तर जास्तच फसवतो, कारण प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेलं की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे गॅस गेला असं लोक समजतात, आणि तीच वेळ जिवावरची असते.

म्हणून डिटेक्टर घ्या. पण कुठला आणि कुठे लावायचा हे नीट समजून घ्या. माझ्या ओळखीच्या एका काकूंनी हौसेने डिटेक्टर आणला आणि ओट्याखाली, सिलेंडरच्या जागी, जमिनीपासून वीतभर वर लावला. सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली बसतो, त्यासाठी ती जागा बरोबर. मिथेन हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो. म्हणजे वेलच्या गॅससाठी मिथेनचा डिटेक्टर छतापासून साधारण एक फुटाच्या आत हवा, आणि त्याच्यावर 'नॅचरल गॅस' किंवा 'मिथेन' असं छापलेलं हवं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ह्या कामाचा नाही. वेलमध्ये हायड्रोजन सल्फाइड आहे असं कंपनीने लेखी सांगितलं असेल तर त्याचा वेगळा सेन्सर, आणि तो खाली, कारण तो वायू हवेपेक्षा जड.

हवेत मिथेन साधारण ५ ते १५ टक्के झाला की ठिणगीने पेटतो. चांगला डिटेक्टर ह्या ५ टक्क्यांच्या बराच आधी, साधारण दहाव्या हिश्श्यालाच वाजतो, म्हणून तो वाजला की "काही दिसत नाही, बिघडला असेल" म्हणून बंद करू नका.

दुसरी वस्तू फुकटची आहे. गच्चीवर, खिडकीतून दिसेल अशी, एका काठीला हातभर सुती पट्टी बांधा. उत्तरायणला पतंग उडवणाऱ्या आपल्या मुलांना वारा कुठून येतो हे सांगावं लागत नाही, पण रात्री अडीच वाजता घाबरलेल्या मोठ्या माणसाला ते कळत नाही. पट्टीवर टॉर्चचा उजेड पडला तर दिसेल असा पांढरा रंग घ्या. ढोबळ हिशोब असा की पावसाळ्यात आपल्याकडे वारा नैऋत्येकडून येतो आणि हिवाळ्यात उत्तर-ईशान्येकडून, म्हणजे वेल घराच्या नैऋत्येला असेल तर पावसाळ्यात तुम्ही तिच्या वाऱ्याखाली आहात. थंडीत पहाटे वारा पडतो आणि धुकं जमिनीलगत बसतं, गॅसही तसाच पसरून राहतो, तेव्हा जास्त जपायचं.

आता बाहेर पडायच्या वाटा. एक नाही, दोन ठरवा, आणि दोन्ही वेलपासून दूर जाणाऱ्या, वेगवेगळ्या दिशांच्या. आमच्याकडे एक वाट मुख्य रस्त्याने देवळापर्यंत आणि दुसरी मागच्या कपाशीच्या शेतातून शाळेपर्यंत अशी आहे. मागच्या कुंपणाला म्हणून छोटं फाटक बसवून घेतलं आणि त्याला कुलूप नाही, नुसती कडी आहे. हे चालून बघा, खरंच चाला, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला घेऊन. आमच्या सासूबाईंना शेताच्या वाटेने अकरा मिनिटं लागली, मी मनात चार धरली होती.

तपासा: फोन नंबर कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला लावलेत का? कंपनीचा गेटवरचा नंबर, ११२, फायर १०१, ॲम्ब्युलन्स १०८, जिल्ह्याचा आपत्ती कक्ष १०७७, आणि शेजारच्या दोन घरांचे.

## ५. रिग आली की कंपनीशी बोला

रिग लागली त्याच दिवशी दोन-चार घरांनी मिळून जा, एकट्याने नाही, आणि साइटच्या इनचार्जला भेटा. भांडायला नाही, माहिती घ्यायला. काम किती दिवसांचं, फ्लेअर पेटवणार आहेत का, सायरन कसा वाजतो आणि कुठल्या सायरनचा अर्थ काय, गावाला कोण कळवणार, लोकांसाठी मॉक ड्रिल कधी घेणार. सायरनचा अर्थ विचारायला लोक विसरतात. रिगवर टेस्टचाही सायरन वाजतो, दर आठवड्याला तो ऐकून कान सरावतात आणि खरा वाजला तेव्हा कोणी उठत नाही.

नंतर हेच सगळं एका कागदावर लिहून पोच घ्या. साइटवरची माणसं बहुतेक वेळा चांगली वागतात, त्यांचाही जीव तिथेच असतो.

## ६. लीकची शंका आली तर

खुणा आधी पाठ करा. प्रेशर कुकरची शिटी अडकल्यासारखा सतत सूं आवाज, किंवा जेटसारखी घरघर. वेलभोवती पांढरट धुकं, जे वाऱ्याने सरकतं. फ्लेअरची ज्योत एकदम मोठी होणं किंवा विझणं. पावसाच्या डबक्यात एकाच जागी सतत बुडबुडे. हिरव्या शेतात एका पट्ट्यात पिवळं पडलेलं गवत. शेवटच्या दोन खुणा हळू गळतीच्या आहेत, पळायचं नाही पण त्याच दिवशी कळवायचं. पहिल्या तीन दिसल्या तर पुढचा क्रम.

जानेवारीतली रात्र होती, जेवणं झाली होती. मागून कुकरसारखा आवाज सुरू झाला, थांबेचना. मी दार उघडेपर्यंत आमच्या भावजींनी टॉर्च घेतला, बाइक काढली आणि "बघून येतो काय आहे" म्हणून किक मारली. वेलच्या दिशेने. सासूबाईंनी आतून मेन स्विच पाडला, त्यांना वाटलं शॉर्टसर्किट. तीन माणसं आणि तिघांनीही पहिल्या मिनिटात ठिणगीचं काम केलं, मीसुद्धा, कारण मी अंगणातला दिवा लावला होता. त्या रात्री वारा आमच्याकडून वेलकडे होता म्हणून आज हे लिहितेय. वर्कओव्हरवाल्यांनी दाब सोडला होता आणि गावात कोणाला सांगितलं नव्हतं, एवढंच होतं ते. पण आम्हाला ते तेव्हा माहीत नव्हतं आणि आम्ही जे केलं ते चुकीचंच होतं.

बरोबर क्रम हा:

१. जे चालू आहे ते चालू राहू द्या, जे बंद आहे ते बंद. दिवा, पंखा, मेन स्विच, बेल, कशालाच हात नाही. स्विच पाडतानाही ठिणगी पडते.

२. शेगडी किंवा देवापुढचा दिवा पेटलेला असेल आणि घरात वास येत नसेल, डिटेक्टर वाजत नसेल तर शेगडीचा नॉब फिरवून बंद करा, निरांजन झाकण ठेवून विझवा. हे दहा सेकंदांचं काम. डिटेक्टर वाजत असेल तर तेही करत बसू नका, निघा.

३. गच्चीवरची पट्टी खिडकीतून बघा. वारा वेलकडून तुमच्याकडे येत असेल तर सरळ वाऱ्याबरोबर पळू नका, गॅसही त्याच वाटेने येतोय. वाऱ्याला आडवं जा, डावीकडे किंवा उजवीकडे, ढगाच्या बाहेर पडा, आणि मग वळसा घालून जिकडून वारा येतोय तिकडे. वारा आधीच तुमच्याकडून वेलकडे असेल तर सरळ वेलकडे पाठ करून निघा.

४. पायी जा. गाडी, स्कूटर, ट्रॅक्टर सुरू करू नका. चालता न येणाऱ्या माणसाला खुर्चीसकट उचला, दोघं पुरतात.

५. शेजाऱ्यांना ओरडून सांगा, दार हाताने ठोका, बेल नाही.

६. लांब पोचल्यावर मगच मोबाइल. आधी कंपनीचा गेटवरचा नंबर, लगेच ११२. सांगायचं एवढंच: वेल नंबर, गाव, काय ऐकलं-दिसलं, वारा कुठून कुठे, किती घरं. "गॅस लीक आहे" एवढंच सांगितलं तर समोरचा माणूस सिलेंडर समजतो.

७. रस्त्यावर येणाऱ्या गाड्या लांबच थांबवा. ह्यासाठी एक धडधाकट माणूस वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभा ठेवा.

२७ जून २०१४ ला आंध्रच्या नगरम गावात गॅसची पाइपलाइन फुटली, पहाटेची वेळ, गॅस सखल जागी पसरून राहिला होता आणि चहाच्या दुकानात शेगडी पेटवल्यावर भडका उडाला असं तेव्हा समोर आलं. वीसपेक्षा जास्त माणसं गेली. गळतीची कुरकुर गावात आधीपासून होती. पाचव्या आणि सातव्या पायरीला लोक कमी लेखतात म्हणून हे सांगितलं.

खिडक्यांचा गोंधळ नेहमी होतो. गॅस घराच्या आत असेल तर जाता जाता हाताला येतील त्या खिडक्या-दारं उघडी टाका. गॅस लांब बाहेर असेल आणि अधिकाऱ्यांनी घरातच थांबा असं सांगितलं असेल तर उलट, सगळं बंद, एसी-कूलर बंद, दाराखाली ओला टॉवेल. कुठली परिस्थिती आहे हे कळत नसेल तर बाहेर पडणंच बरं.

सावधान: कोणी सेलरजवळ, खड्ड्यात किंवा नाल्यात बेशुद्ध पडलेलं दिसलं तर त्याला काढायला उतरू नका. मनाला फार कठीण आहे हे. पण हायड्रोजन सल्फाइडमध्ये पहिल्यामागे दुसरा आणि दुसऱ्यामागे तिसरा असाच पडतो. श्वासाचा सेट असलेल्या माणसालाच बोलवा.

## ७. परत घरी जाताना

"आता काही नाही, जा" असं कोणी म्हटलं म्हणून जायचं नाही. मीटर घेऊन आलेल्या माणसाला दोन आकडे विचारा आणि लिहून घ्या: एलईएल (मिथेन पेट घेतो त्या ५ टक्क्यांच्या मर्यादेपैकी किती हिस्सा हवेत आहे) किती टक्के आणि हायड्रोजन सल्फाइड किती पीपीएम. मीटर तुमच्या घरात, पंपघरात, टाकीच्या खड्ड्यात आणि छताजवळ फिरवायला सांगा. ते नम्रपणे मागा पण मागाच. एलईएल शून्य दाखवेपर्यंत स्विच नाही, शेगडी नाही.

## ८. तक्रार

त्याच रात्री वहीत लिहा: तारीख, वेळ, आवाज किती मिनिटं, वारा कुठून, कोणाला किती वाजता फोन केला, कोण आलं. दुसऱ्या दिवशी आठवतं ते गाळलेलं असतं.

मग कोणाला काय. वेलची सुरक्षा, न कळवता सोडलेला दाब, मॉक ड्रिल न घेणं हे डीजीएमएसकडे. फ्लेअरचा धूर, सांडलेलं तेल, मडचा खड्डा फुटून शेतात आलेलं पाणी, बोअर बिघडणं हे जीपीसीबीकडे, पहिल्या तपासणीचा रिपोर्ट जोडून. पीक जळलं असेल तर तलाटीकडून लगेच पंचनामा, नांगर घालण्याआधी. स्थलांतर आणि गावाच्या इमर्जन्सी प्लॅनचा प्रश्न मामलतदार आणि कलेक्टरकडे. एकाच अर्जात सगळं कोंबून चार ऑफिसांना कॉपी पाठवली तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो, म्हणून वेगळे अर्ज करा, प्रत्येकात एकच विषय, वरती वेल नंबर आणि सर्व्हे नंबर. "आमच्या जिवाशी खेळ चाललाय" असं लिहावंसं वाटतं, मलाही वाटलं होतं, पण "ता. अमुक, रात्री ९.४० ते १०.०५, वेल नंबर अमुक, सतत आवाज, पूर्वसूचना नाही" असं लिहिलेल्या अर्जाला उत्तर आलं. आमचा पहिला, रागात लिहिलेला, तसाच पडून राहिला.

## ९. वर्षभराची निगा

डिटेक्टरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा. सेन्सरची मुदत मागे छापलेली असते, काही वर्षांनी तो वाजतो पण ओळखत नाही, तेव्हा तारीख बघून बदला. बोअरचं पाणी वर्षातून एकदा त्याच लॅबमध्ये, त्याच महिन्यात. दारामागचा नंबरांचा कागद दिवाळीच्या साफसफाईला नवा लिहा, गेटवरचा बोर्ड परत बघून, कारण कंपनी बदलली की नंबर बदलतो. आणि गच्चीवरची पट्टी उन्हाने सहा महिन्यांत विरते, आमच्याकडे एक उत्तरायणला बदलतो आणि एक पाऊस सुरू व्हायच्या आधी.